भाला पडायचा तिथं

राज्याचा विक्रम माझ्या नावावर लागला, तेव्हा ते सांगायला माझ्याजवळ कोणी नव्हतं. साखर कारखान्याच्या एका गावात स्पर्धा होत्या. दुपारचं ऊन होतं. मी भाला फेकला, तो जमिनीत रुतला, पांढरं निशाण वर गेलं, आणि टेप धरलेले दोघं पंच एकदा मोजून झाल्यावर पुन्हा मोजायला लागले. मग एक वयस्कर पंच आले आणि स्वतः वाकून बघून गेले. माझ्याबरोबर नागपूरहून आलेले व्यवस्थापक चहा प्यायला गेले होते. बाकीच्या मुलींना त्यांच्या मैत्रिणी होत्या, टॉवेल घेऊन उभ्या असलेल्या, नाव घेऊन ओरडणाऱ्या. आमच्याकडून भालाफेकीला मी एकटीच. शेवटी टेप गुंडाळणाऱ्या माणसाला मीच विचारलं, "भाऊ, ते माझं आहे का?"

"तुमचंच. नवीन रेकॉर्ड झालं," तो म्हणाला आणि पुढच्या मुलीसाठी टेप उलगडायला लागला.

मी माझा भाला उचलला आणि सावलीत जाऊन बसले. संध्याकाळी पदक मिळालं, फोटो निघाला. रात्रीच्या गाडीत वरच्या बर्थवर पदक उशाखाली घेऊन झोपले. खालच्या बाकावरच्या कुटुंबाला सांगावं असं दोन-तीनदा मनात आलं. पण सुरुवात कशी करायची ते सुचलं नाही.

तशी मी भाल्याची मुलगी नव्हते. शाळेत मी खो-खो खेळायची आणि चांगली खेळायची. आमची वस्ती नागपुरात नंदनवनच्या पलीकडे होती. बाबा गिरणीत साच्यावर कापड विणायचे, माय घरी विड्या वळायची. माय-बाबांनी दीक्षा घेतली तेव्हा मी अगदी लहान होते. मला आठवतं ते एवढंच की कोनाड्यातले देव गेले, तिथं बुद्धाचा फोटो आला आणि शाळा चुकवायची नाही असं बाबा रोज सांगायला लागले. शाळेत मला अभ्यासापेक्षा मैदान आवडायचं. खेळाच्या तासाला बाई माझं नाव सगळ्यात आधी घ्यायच्या.

एका वर्षी वऱ्हाडातल्या एका गावी सामने होते. बाहेरून आलेल्या मुलींची सोय गावातल्या घरांत केली होती, दोघी-दोघींची. मला आणि आमच्या कप्तान मुलीला एक चांगलं ऐसपैस घर मिळालं. घरच्या बाईंनी चहा दिला, प्रवासाची विचारपूस केली, मग आडनावं विचारली. कप्तानचं ऐकलं, माझं ऐकलं. आत जाऊन आल्या आणि आमच्या खेळाच्या बाईंना म्हणाल्या, "एकीचीच जागा होईल हो. आमच्याकडे पाहुणे येऊन राहिले."

खेळाच्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. माझी पिशवी उचलली आणि म्हणाल्या, "चल."

ते सामने होईपर्यंत बाई आणि मी शाळेच्या एका वर्गात राहिलो. बाकं जोडून त्यावर सतरंजी टाकली. बाईंनी आपल्या डब्यातल्या दशम्या मला दिल्या. सामने आम्ही जिंकले. मैदानात त्याच मुली माझ्या पाठीवर थाप मारून मला खो देत होत्या. ढाल मिळाल्यावर त्यांनी मला उचलूनही घेतलं. पण त्या घराबद्दल कोणी एक शब्द काढला नाही. त्यांनी माझं काही वाईट केलं नाही. त्यांनी काहीच केलं नाही.

घरी आले तर माय म्हणाली, "काहून वं, जिकून आली अन् तोंड काहून उतरलं तुयं?"

"काही नाही," मी म्हटलं.

पुढच्या आठवड्यात मी खेळाच्या बाईंना सांगितलं की मला खो-खो नको. त्यांना कारण विचारायची गरज पडली नाही. त्यांनी विचारलं, "मग काय खेळशील?"

"ज्यात दुसरं कोणी लागत नाही असं काही."

बाईंनी खेळाच्या सामानाची खोली उघडली. फुटक्या लेझीम आणि हवा गेलेल्या चेंडूंच्या मागून एक बांबूचा भाला काढला. त्याच्या मधोमध सुतळी गुंडाळलेली होती आणि टोकाला लोखंडी टोपण होतं. बाईंना स्वतःला भाला फेकता येत नव्हता. त्यांनी कुठूनसं एक पुस्तक आणलं. त्या झाडाखाली उभं राहून वाचायच्या, "कोपर खांद्याच्या वर ठेवायचं, असं लिहिलंय," आणि मी कोपर वर ठेवायची. पहिले काही महिने भाला आडवाच पडायचा. मग एक दिवस तो टोकावर पडला आणि थरथरत उभा राहिला. बाईंनी पुस्तक मिटलं.

या खेळात धावायला थोडं लागतं आणि फेकायला त्याहून थोडं. सगळा वेळ जातो तो चालण्यात. फेकायचं, चालत जायचं, उपटून घ्यायचं, परत यायचं. माय माझ्या खांद्याला तेल चोळताना एकदा हसून म्हणाली, "एवढ्या दूर फेकते, अन् मंग तूच आनाले जाते काय वं?" मला त्या चालण्याची सवय झाली, पुढे तर तेच आवडायला लागलं.

विक्रम झाल्यावर वर्तमानपत्रात फोटो आला. खाली नाव चुकीचं छापलं होतं. बाबांनी तरीही तो अंक गिरणीत नेला आणि संध्याकाळी परत आणला तेव्हा त्याला तेलाचे डाग पडले होते, इतक्या हातांतून तो फिरला होता. वस्तीतले लोक विचारायचे, भाला फेकून होते काय? बाबांकडे तेव्हा उत्तर नव्हतं. वर्षाच्या आत ते मिळालं. कोराडीला वीज केंद्राचं काम चाललं होतं आणि तिथं खेळाडू म्हणून मला टायपिस्टची नोकरी लागली. आमच्या घराण्यात पगारी नोकरी मिळालेली मी पहिली बाई. बाबा मला सोडायला बसनं आले. क्वार्टर बघितलं, नळ सोडून पाणी येतं का ते बघितलं, आणि शेवटच्या बसच्या खूप आधीच परत गेले. तिथं त्यांना काय करावं ते कळेना.

एक खोली, एक स्वयंपाकघर, मागे कपडे वाळत घालायला तार. खालच्या ओळीतलं शेवटचं क्वार्टर. शेजारी सगळी लेकराबाळांची घरं. एकटी बाई म्हणून सुरुवातीला बायकांनी बारीक चौकशी केली, मग सोडून दिलं. ऑफिसात मी सामानाच्या मागण्या टाइप करायची. नळ्या, झडपा, नटबोल्ट. दिवसभर सिमेंटचे ट्रक जायचे. तारेवरचा पांढरा कपडा संध्याकाळपर्यंत राखाडी व्हायचा. मी पांढरं नेसणं सोडलं. रविवारी वस्तीत जायची, पण तिथंही मी आता पाहुणी झाले होते. माय माझ्यासाठी वेगळी भाजी करायची. दोन-तीन स्थळं आली. एकांनी विचारलं की लग्नानंतर हे भाल्याचं बंद करणार ना? बाबा म्हणाले, "तिले विचारा." मी नाही म्हटलं आणि ते उठून गेले.

कॉलनीच्या मागे एक मोठं मोकळं मैदान होतं. पुढे तिथं क्वार्टर्स होणार होती. काळी माती, एका टोकाला बाभळीची दोन झाडं. ऑफिस सुटलं की अंधार पडेपर्यंतचा वेळ माझा. हिवाळ्यात तो फार थोडा असायचा. अशाच एका संध्याकाळी धाव घ्यायला मी मागे सरकले आणि मला आवाज ऐकू आला. कोणीतरी एकच सूर धरून होतं. मला वाटलं प्लांटमधलं काही यंत्र असावं. मग तो सूर थांबला, श्वास घेतल्यासारखा, आणि पुन्हा सुरू झाला.

बाभळीखाली एक बाई बसली होती. अंगावर शाल, डोळे मिटलेले. बरोबर जिथं माझा भाला पडायचा तिथं.

मी चालत गेले. जवळ जाऊन उभी राहिले तरी त्यांना कळलं नाही. शेवटी म्हटलं, "बाई, इथं भाला पडते."

त्यांनी डोळे उघडले. माझ्या हातातल्या भाल्याकडे पाहिलं आणि घाईनं उठल्या. "अरे देवा, मी तुमच्या जागेत बसले की काय?"

"माझी जागा नाही. पन पडला तर लागन ना."

"मग मी कुठं बसू?" त्यांनी इतक्या सरळपणे विचारलं की मला हसू आलं. मी त्यांना माझ्या मागची जागा दाखवली, फेकायच्या रेषेच्या मागे. "इकडे बसा. इकडे काही येत नाही."

त्या मोठ्या साहेबांच्या बाई होत्या. पहिल्या युनिटचं काम ज्यांच्याकडे होतं ते साहेब. मी त्यांचं नाव रोज टाइप करायची, पण त्यांच्या बाईंना कधी पाहिलं नव्हतं. अधिकाऱ्यांच्या बंगल्यांची ओळ आमच्याकडून दूर होती. बाईंचं माहेर इंदूरचं. लहानपणापासून गाणं शिकलेल्या. लग्नाआधी रेडिओवर गायच्या. लग्न झालं आणि मग एका वीज केंद्रावरून दुसऱ्यावर. "जिथं कोळसा, तिथं आमचं घर," असं त्या म्हणायच्या. साहेब कामावरून वेळी-अवेळी यायचे आणि येऊन फक्त झोपायचे. त्यांच्या झोपेपायी घरात आवाज करता येत नव्हता. एकदा त्या गात असताना शेजारच्या बाई दारात येऊन विचारून गेल्या, आज काही कार्यक्रम आहे का? त्या दिवसानंतर त्यांनी घरात गाणं सोडलं आणि फिरायला जाते असं सांगून मैदानावर यायला लागल्या.

हे सगळं त्यांनी एकदम सांगितलं नाही. आम्ही फार बोलायचोच नाही. त्या रेषेच्या मागे सतरंजीचा तुकडा टाकून बसायच्या आणि मी फेकायची. मी धावायला लागले की त्या गाणं थांबवायच्या. भाला पडला की पुन्हा सुरू. काही दिवसांनी मी म्हटलं, "थांबू नका. मले काही होत नाही त्याचं."

"तुमचं लक्ष जाईल म्हणून."

"तुम्ही थांबल्या की जाते."

त्या हसल्या आणि मग थांबल्या नाहीत.

एक दिवस म्हणाल्या, "मी आणून देऊ का भाला? बसून बसून पाय आखडतात." मी नको म्हणायच्या आत त्या निघाल्याही. भाला त्यांना उपटता येईना. दोन्ही हातांनी ओढला, थोडी माती उडाली, आणि मग तो खांद्याला टेकवून, तानपुरा धरतात तसा उभा धरून त्या माझ्याकडे आल्या. मला आजवर कोणी भाला आणून दिला नव्हता. तो हातात घेताना मी काय बोलले ते आठवत नाही.

दोन हिवाळे आम्ही असे काढले. मला गाण्यातलं काही कळत नव्हतं, त्यांना भाल्यातलं. पण त्यांचा आवाज कुठं अडतोय ते मला कळायला लागलं होतं, आणि माझा भाला आज वळतोय का सरळ जातोय हे त्या मागे बसून सांगायच्या. आम्ही एकमेकींच्या घरी जात नव्हतो. तसं काही ठरलं नव्हतं, पण साहेबांच्या बाई आणि टायपिस्ट यांनी कुठं बसून चहा प्यायचा हा प्रश्न होताच. एकदा मला ताप आला आणि मी काही दिवस मैदानावर गेले नाही. तेव्हा त्या विचारत विचारत आमच्या ओळीत आल्या. शेजारच्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. बाई माझ्या खोलीत शिरल्या, खाटेच्या कडेला बसल्या आणि म्हणाल्या, "पाणी देतेस? चालून घसा सुकला." मी उठून माठातलं पाणी दिलं. त्या प्यायल्या आणि ग्लास पुढे करून अजून मागितलं. त्या दिवसापासून त्या मला तू म्हणायला लागल्या आणि मी त्यांना ताई.

पहिलं युनिट सुरू झालं त्याचा कॉलनीत मोठा समारंभ झाला. मांडव, लाल गालिचा, मुंबईचे पाहुणे. साहेबांचा सत्कार झाला. टाळ्या थांबेनात. साहेब उंच, वाळलेले, डोळ्यांखाली काळं. हार घातल्यावर ते हात जोडून उभे राहिले आणि दोन वाक्यं बोलून बसले. मग कॉलनीचं नाव मोठं केलं म्हणून मलाही बोलावलं. नारळ मिळाला, शाल मिळाली. ताईंनी पाच-सहा बायकांबरोबर स्वागतगीत म्हटलं. पेटी बेसूर होती आणि एक बाई सगळ्यांच्या पुढे धावत होती. दुसऱ्या दिवशी मैदानावर ताई म्हणाल्या, "काल मी गायलेच नाही. नुसतं तोंड हलवलं."

"मले दिसलं," मी म्हटलं.

त्याच उन्हाळ्यात देशाच्या संघासाठी निवड करायला पंजाबात शिबिर होतं आणि मला बोलावणं आलं. ताईंनी वाटेत खायला चिवडा करून दिला. "जाऊन ये. मैदान मी राखते," म्हणाल्या. स्टेशनवर बाबा आले होते. ते गाडी हलेपर्यंत खिडकीची सळई धरून उभे होते.

शिबिराबद्दल सांगण्यासारखं थोडं आहे. सगळ्या मुली हिंदी, पंजाबी बोलायच्या. माझी नागपुरी हिंदी ऐकून त्या हसायच्या, प्रेमानंच. तिथं मला पहिल्यांदा धातूचा चांगला भाला मिळाला. तो इतका हलका सुटायचा की मी हावरटासारखी फेकत गेले. चाचणीच्या आधी एका सकाळी कोपरात काहीतरी तुटल्यासारखं झालं. आवाज मला ऐकू आला. डॉक्टर म्हणाले, विश्रांती. प्रशिक्षक म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. चाचणी मी हात गळ्यात बांधून बाकावर बसून पाहिली. जी मुलगी निवडली गेली तिचा भाला माझ्या रोजच्या भाल्याच्या अलीकडे पडला होता. मी टाळ्या वाजवू शकत नव्हते म्हणून मांडीवर थाप मारली.

कोराडीला परत आले त्याच संध्याकाळी मैदानावर गेले. कोणी नव्हतं. दुसऱ्या दिवशीही नव्हतं. मग मी पहिल्यांदा बंगल्यांच्या ओळीत गेले. त्यांच्या अंगणात दुसऱ्याच कोणाची लेकरं खेळत होती. शेजारच्या बाई म्हणाल्या, "त्यांची बदली झाली ना. बढतीवर गेले साहेब. घाईघाईनं जावं लागलं. त्या तुमचं विचारत होत्या, कधी येते म्हणून."

"कुठं गेले?"

त्यांना नीट माहीत नव्हतं. ऑफिसात पत्ता मिळाला असता. पण टायपिस्टला साहेबांच्या बाईचा पत्ता कशाला हवा, असं कोणी विचारलं तर काय सांगायचं ते मला ठरवता आलं नाही. आज वाटतं, कोणी विचारलंही नसतं.

हात पूर्वीसारखा झाला नाही. दोन-तीन वर्षं मी फेकत राहिले, राज्याच्या स्पर्धांना गेले, मागे पडत गेले. मग मैदानावर क्वार्टर्सचं काम निघालं, पाया खणला गेला, आणि सोडायला तेवढं कारण पुरलं. माझा विक्रम एका शेतकऱ्याच्या मुलीनं मोडला. वर्तमानपत्रात तिचा फोटो आला. तिच्या बाजूला चार मैत्रिणी उभ्या होत्या. दिल्लीला आशियाई खेळ झाले तेव्हा कॉलनीत नवीन नवीन टीव्ही आले होते. शेजारच्यांच्या खोलीत सगळी ओळ जमली होती. भालाफेक लागली तसं कोणीतरी म्हणालं, "बाई, तुम्ही पन फेकत होत्या म्हने ना?" मी हो म्हटलं. पण तोवर धावण्याची शर्यत सुरू झाली होती आणि सगळे तिकडे बघायला लागले.

त्यानंतर काही वर्षांनी ऑफिसातली एक मुलगी जेवणाच्या सुट्टीत सांगत होती की तिची बहीण प्रताप नगरात गाणं शिकायला जाते. "त्या गाण्याच्या बाई आधी कोराडीलेच होत्या म्हणे. साहेब रिटायर झाले, तर नागपुरातच घर बांधलं." मी डबा बंद केला. तिच्याकडून घराची खूण विचारून घेतली.

रविवारी गेले. छोटं बैठं घर, पुढे ओसरी. ओसरीत चपलांचा ढीग. आतून पाच-सहा मुलींचा एकत्र आवाज येत होता आणि मध्येच एक आवाज त्यांना थांबवून पुन्हा सांगत होता. तो मी ओळखला. ओसरीतल्या खुर्चीत साहेब बसले होते. केस पांढरे झालेले, हातात पेपर. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "मुलीला घालायचंय का क्लासला? वर्ग सुटायला वेळ आहे. बसा."

मी बसले. म्हटलं, "मी कोराडीची. स्टोअर्सला टायपिस्ट आहे. मी भाला फेकायची."

त्यांनी आठवायचा प्रयत्न केला. "हां, हां. तुमचा सत्कार झाला होता."

"हो, तुमच्याबरोबरच. ताईंची माझी ओळख मैदानावरची. त्या तिथं गायच्या ना, मी भाला फेकायची."

साहेबांनी पेपर मांडीवर ठेवला. "कुठं गायची?"

मला वाटलं आपण काहीतरी भलतंच बोललो. पण आता थांबताही येईना. मी सांगितलं. कॉलनीमागचं मैदान, बाभळी, रोज संध्याकाळी, दोन हिवाळे. साहेब ऐकत होते. आत मुली एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

"मला वाटायचं, ती फिरायला जाते," ते म्हणाले.

वर्ग सुटला. मुली चपला शोधत बाहेर आल्या आणि त्यांच्या मागून ताई. अंगानं भरल्या होत्या, चष्मा लागला होता. त्यांनी मला पाहिलं आणि तिथल्या तिथं माझा उजवा हात धरला, कोपराच्या वर. "अगं, तू? हात कसा आहे तुझा? मला नंतर कोणीतरी सांगितलं. फेकतेस अजून?"

"नाही ताई. सुटलं ते."

त्यांचे डोळे भरून आले. त्या माझा हात सोडेनात. मुलींना म्हणाल्या, "हिनं मला गायला जागा दिली होती." मुली माझ्याकडे बघून हसल्या, लहान मुलं मोठ्यांकडे बघून हसतात तशा. ताईंनी आत नेलं, चिवडा दिला, खूप विचारलं. माय आहे का, बाबा आहेत का, एकटीच आहेस का अजून? मी उत्तरं देत होते तोवर दारात पुढच्या वर्गाच्या मुली आल्या. तानपुरा लावायचा होता. ताई उठल्या, पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या. म्हणाल्या, "रविवारी माझं असंच असतं गं. तू राहशील का वर्ग सुटेपर्यंत?"

"बस चुकन ताई. येईन पुन्हा."

खरं तर बसेस पुष्कळ होत्या. पण त्यांचं घर इतकं भरलेलं बघून मला आनंद झाला आणि त्या आनंदाबरोबर आणखी काहीतरी झालं, ते घेऊन मला तिथं बसवेना. इतकी वर्षं मनातल्या मनात मी त्यांना त्या मैदानावर एकटंच बसवून ठेवलं होतं.

साहेब मला थांब्यापर्यंत सोडायला आले. मी नको म्हणत होते, तरी आले. थांब्यावर आम्ही दोघंच होतो. बराच वेळ बस आली नाही. मग ते सहज बोलावं तसं बोलायला लागले.

"पहिलं युनिट लाइनीला लागलं ना, तो समारंभ नंतरचा. खरं ते लागलं एका संध्याकाळी. कंट्रोल रूममध्ये आम्ही सगळे उभे होतो. काटा स्थिर झाला, वीज बाहेर गेली. लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. मी म्हटलं, घरी सांगून येतो. जीप घेऊन गेलो. घराला कुलूप होतं."

त्यांनी जरा पुढे होऊन बस येते का ते बघितलं.

"पायरीवर बसलो. वाटलं, येईल. मग प्लांटमधून बोलावणं आलं, परत गेलो. पहाटे घरी आलो तेव्हा ती झोपली होती. तिला दुसऱ्या दिवशी बाकीच्यांकडून कळलं. मी काही बोललो नाही. फिरायला गेली असेल, त्यात काय."

त्या संध्याकाळी आम्ही मैदानावरच असणार. ती कोणती संध्याकाळ, हे मला आठवणं शक्य नव्हतं. सगळ्या सारख्याच होत्या. मी म्हटलं, "मैदानावरून तुमच्या प्लांटची चिमणी दिसायची, साहेब."

"दिसायची का?" ते म्हणाले.

बस आली. त्यांनी मला पुन्हा यायला सांगितलं. मी हो म्हटलं, आणि गेलेही, एकदा नाही, बरेच रविवार. ताईंना वेळ नसायचा. मधल्या पाच मिनिटांत त्या बाहेर येऊन माझ्या पाठीवरून हात फिरवून जायच्या. उरलेला वेळ मी ओसरीत साहेबांजवळ बसायची. ते कधी कोळशाबद्दल बोलायचे, कधी पेपरमधलं काही वाचून दाखवायचे. बहुतेक वेळा आम्ही नुसते ऐकत बसायचो. एकदा आत काही नवीन सुरू झालं आणि ते माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "हे काय चाललंय, समजतं का तुम्हाला?"

"मले नाही समजत, साहेब."

"मलाही नाही," ते म्हणाले, आणि आपली खुर्ची दाराच्या जरा जवळ ओढून घेतली.